‘मोटारीच्या काचेतून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कारवी या सह्याद्रीतल्या रानझुडपावरच्या ‘निळा डोंगर’ या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा चष्मा नव्हता, म्हणून वाटलं काहीतरी भलतंच वाचतोय. चष्मा लावल्यावर तेच होतं. नाव-गाव न लावता लिहिलंत, त्यामुळे आपल्याला दादा म्हणावं की ताई तेही कळेना. असो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की कास पठाराच्या छायाचित्रात आहे ती कारवी नव्हे. कारवी सात नव्हे, आठ वर्षांनी फुलते. ती फुलते त्या उताराचा पत्ता मी रस्त्यासकट दिला, आता तिथं गर्दी होईल. आणि या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य : “लेखकाने कारवी मोटारीच्या काचेतूनच पाहिलेली दिसते.”

आधी चूक कबूल करतो. छायाचित्राखाली नुसतं ‘कारवी’ लिहिलं होतं, ती टोपली कारवी आहे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या खडकावर माती ती केवढी, त्यात पावसाळाभर वारं. तिथं ही गुडघ्याएवढीच राहते, टोपली उपडी घातल्यासारखी गोल वाढते, म्हणून तसं नाव. थोरली कारवी पुरुषभर, कधी त्याहून उंच. ती सड्याच्या कडेवरून खाली उतरलं की लागते, उतारावर, घळीत, झाडांच्या सावलीत, आणि इतकी दाट की कुत्रं शिरलं तर नुसती शेपटी दिसावी. दोघींची फुलं निळी-जांभळी, कूळही एक. घोटाळा झाला. पण लेखात मी उतारांबद्दलच लिहिलंय. ते वाचायचे कष्ट घेतले असते तर हे एका ओळीत भागलं असतं, अर्धं पान लागलं नसतं.

आता ती मोटारीची काच.

अहो, माझा जन्म पाटण तालुक्यातला, कोयनेच्या अंगाचा. आमच्या घराची पुढची भिंत दगडाची, बाकी सगळे कुड. कुड कशाचे? कारवीच्या काठ्यांचे. काठीला काठी लावून बांधायच्या आणि आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायच्या. गोठा कारवीचा, परसातली वई कारवीची, दोडक्याचा मांडव कारवीचा. आजोबा हिरव्या कारवीला कोयता लावू देत नसत. बहर आला, बी धरलं की ती आपोआप मरते, उभ्या उभ्या वाळते. मग ती तोडायची. ते पान हाताला कसं खरखरीत लागतं ते विचारा मला. बिनबाह्यांचा सदरा घालून भारा खांद्यावर आणला की रात्री आई खोबरेल तेल चोळायची. मोटार आमच्या गावात तेव्हा कुणाकडेच नव्हती. काच होती, ती आजोबांच्या चष्म्याला.

11 डिसेंबर 1967 ची पहाट. मी आठ वर्षांचा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दगडी भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. आम्ही निजलो होतो त्या खोलीचे कुड डावीकडे-उजवीकडे डुलले, लिंपण ढेपळांनी अंगावर पडलं, पण काठ्या जागच्या हलल्या नाहीत. मी आज हे लिहितोय ते त्या काठ्यांमुळे, असं आजी मरेपर्यंत सांगायची. आणि आपण मला कारवी ओळखायला शिकवताय!

पुढचंही सांगतो, निघालाच आहे विषय तर. फुललेल्या वर्षी उतारावर उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज ओढ्यासारखा येतो. मध काढणारे आमच्याकडे यायचे, महाबळेश्वराकडच्या लोकांना तर अजूनही कारवीचा मध वेगळा काढून ठेवायची सवय आहे. मग वाळलेली बोंडं फुटतात, रानात तटतट आवाज होतो, बी लांब उडतं. आम्ही पोरं त्या आवाजाला ‘भुतांची सुपारी फुटते’ म्हणायचो. हे काचेतून ऐकू येतं का, मला माहीत नाही. आपल्या मोटारीत येत असेल.

सात की आठ, यावर भांडण्यात अर्थ नाही. मधली सात वर्षं ती गप्प असते, आठव्या वर्षी फुलते. फुललेलं वर्ष धरलं की आठ, सोडलं की सात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016, 2024 असा बहर आला, मोजा बोटांवर. शिवाय सगळा सह्याद्री एकाच साली निळा होतो असंही नाही, या डोंगराचं साल वेगळं, पलीकडच्या धारेचं वेगळं. एकाच वेळी एवढं बी पडतं की किडे-उंदीर खाऊन खाऊन किती खाणार, उरलेलं रुजतं. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते (2006, मग 2018), ती हिचीच नात्यातली. तिथं कुणी अकरा की बारा म्हणून अंगावर येत नाही.

राहिला जागेचा पत्ता. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, साताऱ्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. गुपित कसलं त्यात! मी सांगितलेला उतार कासपासून बराच आत आहे हे खरं, पण वाट अवघड आहे, ज्याला चालायचंय तोच जाईल. माझ्या लेखामुळे गर्दी होईल असं वाटणं हा माझा सन्मानच समजतो. यावर अधिक बोलत नाही.

एक मात्र विचारतो. “दिसते” असं लिहिलंत, म्हणजे खात्री नव्हती. मग विचारायचं होतं. ‘काका, तुम्ही कुठले?’ एवढं विचारलं असतं तरी मी वरचं सगळं आनंदानं सांगितलं असतं, वर चहाला बोलावलं असतं. शाहूपुरीत राहतो, घर सापडायला अवघड नाही. आता मात्र चहाचं बघू.

छायाचित्राखालची ओळ काल रात्री बदलली आहे. तिथं आता ‘टोपली कारवी, कासचा सडा’ असं आहे. उताराकडे जायची वाट लेखात होती तशीच ठेवली आहे. काल रविवारी तीन जणांनी फोन करून विचारली, त्यातल्या एकाला गाडी कुठपर्यंत जाते ते हवं होतं. ओढ्यापर्यंत जाते, असं सांगितलं.