म्योडलारॉयटच्या भिंतीविषयी खुलासा
जर्मनीतील म्योडलारॉयट हे जेमतेम पन्नास वस्तीचे खेडे दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी नकाशावर रेघ ओढून दुभंगले, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. गावातून वाहणाऱ्या टानबाख या ओढ्याच्या काठाने बव्हेरिया आणि रॉइस संस्थान यांच्या सीमेचे दगड 1810 मध्येच रोवले गेले होते, आणि तरीही दोन्ही काठांची शाळा नि खानावळ एकच होती. हा शेजार तोडला तो पूर्व जर्मनीने, आधी कुंपणाने आणि 1966 मध्ये सुमारे 700 मीटर लांबीच्या काँक्रीटच्या भिंतीने. तिचा काही भाग संग्रहालयाने मुद्दाम जपला आहे. जर्मनी एक झाली, पण गाव आजही बव्हेरिया व थुरिंगिया या दोन राज्यांत विभागलेले आहे.