लाकूड फुकट, मशीन एकदाच? सरपणाच्या धंद्याविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

"एक चेनसॉ (साखळीची करवत) घ्या. पडलेली झाडं फुकट मिळतात. कापा आणि लगेच वजनावर विका, ओलं लाकूड जास्त भरतं. साखळी बोथट झाली की नवी टाका, धार लावण्यात वेळ घालवू नका. बारला (साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीला) गाडीतून काढलेलं जळकं ऑइल चालतं. पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्तच टाका, इंजिन टिकतं. हात बसला की हेल्मेट लागत नाही." अशा अर्थाचा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. सरपणाच्या धंद्यात उतरू पाहणारी मुलं तो वाचून माझ्याकडे येतात. त्यांच्या हातापायांची आणि पैशांची मला काळजी वाटते, म्हणून हे लिहितोय.

पडलेलं झाड फुकट मिळेलही. मालकाची परवानगी आणि तोड-वाहतुकीचे नियम मात्र आधी बघावे लागतात. शिवाय खरा खर्च उचलण्याचा असतो. ओंडका कापायचा, फोडायच्या जागी न्यायचा, फोडायचा, रचायचा, गाडीत भरायचा, गिऱ्हाइकाकडे उतरवायचा. एकेक तुकडा पाच-सहा वेळा हातातून जातो. फोडल्याबरोबर तो जमिनीवर न टाकता थेट रचला, तर त्यातली एक उचल वाचते. नफा तिथे असतो.

ओल्या लाकडाचं वजन जास्त भरतं हे खरं आहे, आणि म्हणूनच हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. नुकतंच तोडलेलं लाकूड निम्मं पाणी असू शकतं. अशा 100 किलोत लाकूड 50 किलोच. तेच वाळवून ओलावा 20 टक्क्यांवर आणला की वजन उरतं साडेबासष्ट किलो. विकणाऱ्याला वाटतं, साडेसदतीस किलो बुडाले. पण चुलीत काय होतं ते बघा. ओल्या लाकडाच्या उष्णतेतला एक भाग आतलं पाणी उडवण्यातच जातो. ओल्या 100 किलोतून हाती येते सुमारे 830 मेगाज्यूल उष्णता, आणि वाळलेल्या साडेबासष्ट किलोतून सुमारे 920. म्हणजे वजन घटूनही आच वाढते. ओलं सरपण नेणाऱ्याला मिळतो धूर आणि धुराड्यात चिकटणारं काजळीचं डांबर. तो पुन्हा येत नाही. वजनाची भीती वाटत असेल तर रचलेल्या ढिगाच्या मापाने विका. वाळताना ढिगाचं माप वजनाच्या मानाने फारच कमी घटतं. किंवा वाळलेल्याचा दर वेगळा ठेवा आणि तो का वेगळा आहे हे गिऱ्हाइकाला सांगा.

वाळवण्यासाठी आधी फोडावं लागतं, कारण साल ओलावा अडवून धरते. ओलावा मोजणारा मीटर लावायचा तर तुकडा ताजा फोडून आतल्या बाजूला लावा. बाहेरून तो बहुधा कोरडंच दाखवतो. आणखी एक गोष्ट: बहुतेक मीटर कोरड्या लाकडाच्या हिशेबाने टक्के दाखवतात. त्यावर 25 दिसले, तर वरच्या, म्हणजे पाण्यासकट एकूण वजनाच्या हिशेबाने ते 20 होतात. मीटर नसेल तर चार-पाच तुकड्यांवर खूण करून दर पंधरवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की माल तयार.

आता साखळी. नवी साखळी हा बोथटपणावरचा इलाज नाही. साखळी बोथट झाली हे करवतच सांगते: ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागतो आणि बार लाकडात दाबावा लागतो. दाबला की साखळी तापते, बार झिजतो, क्लच घासतो, हात थकतात. त्यापेक्षा दर वेळी पेट्रोल भरताना प्रत्येक दातावर गोल कानशीचे दोन-तीन हात मारले, तर चार-पाच मिनिटांत काम होतं. कानस साखळीच्या मापाचीच हवी: 0.325 इंच पिचला (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) बहुधा 4.8 मिलिमीटरची, 3/8 इंच लो-प्रोफाइलला, म्हणजे बुटक्या दातांच्या साखळीला, 4 मिलिमीटरची. कोन साधारण 30 अंश, दाताच्या आतून बाहेर, आणि परत आणताना कानस उचलून. सगळे दात एकाच लांबीचे ठेवा. एका बाजूचे लांब राहिले की काप वळतो. तीन-चार वेळा धार लावल्यावर पुढचा खोलीदर्शक बुटका दात, म्हणजे रेकर, चपट्या कानशीने उतरवा, बहुतेक साखळ्यांना दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली. त्याहून जास्त उतरवला तर साखळी लाकडाला हिसके देते आणि करवत उसळण्याचा धोका वाढतो. साखळी जपायची तर ओंडक्याखाली आडवी लाकडं ठेवा. मातीला एकदा टेकलेली साखळी तासभर कापण्याइतकी झिजते. आणि झिजलेल्या स्प्रॉकेटवर, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, नवी साखळी चढवली, तर तीही लवकर खराब होते.

जळक्या ऑइलबद्दल: त्यात धातूचे बारीक कण आणि जळणातला गाळ असतो. ते साखळीला चिकटत नाही, उडून जातं, पंपाची जाळी तुंबवतं, आणि त्यातले काही घटक कर्करोगकारक आहेत. कापताना त्याचे तुषार तुमच्या कपड्यांवर आणि विकायच्या लाकडावर बसतात. बारचं ऑइल चिकट असतं, ते त्यासाठीच. रोज संध्याकाळी बारची खोबण खरवडून ऑइलचं भोक मोकळं करा, आणि बार उलटा करून बसवा.

पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. 50:1 असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑइल, 25:1 असेल तर 40. जास्त ऑइल टाकल्याने इंजिन टिकत नाही. ऑइल वाढलं की त्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, प्लग आणि सायलेन्सर काजळतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिनाभर पुरेल एवढंच मिश्रण करा, आणि मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा.

राहिलं हेल्मेट. करवत उसळते ती बारच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशाला काही लागलं की, आणि ती तुमच्या हाताचा अनुभव विचारत नाही. पापणी लवायच्या आत तोंडाकडे येते. हेल्मेट, तोंडावरची जाळी, कानपट्टे, साखळी अडवणारी पँट आणि बूट ही त्या क्षणासाठी असतात. रोज काम सुरू करण्याआधी करवत दोन्ही हातांनी पकडा, रेस पूर्ण द्या आणि पुढच्या हाताच्या मनगटाने साखळीचा ब्रेक (पुढच्या मुठीसमोरचा दांडा) पुढे ढकला. साखळी लगेच थांबली नाही, तर त्या दिवशी तिने एकही ओंडका कापू नका.