लिडेल, शिनगार्ड आणि नऊची उपासना: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, प्रभूमध्ये सलाम.

तुमची प्रतिक्रिया इतकी सविस्तर होती की खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विदर्भाच्या रणजी विजयाबद्दल मी भारावून लिहिलं, त्यामुळे मंडळीतल्या पोट्ट्यांना उपासना बुडवायला निमित्त मिळालं, जामठ्याच्या स्टेडियमवर घसा फोडून ओरडणारे चर्चमध्ये गीताला ओठही हलवत नाहीत, खेळ ही आजची मूर्ती झाली आहे, आणि धावपटू एरिक लिडेलने रविवारसाठी ऑलिम्पिक सोडलं, आपल्याला साधी लीग मॅच सोडवत नाही.

ओठांचं आधी सांगते. आमच्याकडे गीत ज्या पट्टीत उचलतात त्या पट्टीत गाणारा माणूस नागपूरच्या अख्ख्या सदर भागात सापडायचा नाही. तो दोष क्रिकेटच्या माथी मारू नका.

आता लिडेल. त्याने ऑलिम्पिक सोडलं नव्हतं. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. वेळापत्रक आधीच कळल्यामुळे त्याने ती शर्यत सोडली, 400 मीटरची तयारी केली आणि 47.6 सेकंदांत सुवर्ण जिंकलं. 200 मीटरचं कांस्यही घेतलं. म्हणजे खेळाची ओढ तसूभरही कमी न करता त्याने फक्त आपला रविवार राखला.

आणि ही गोष्ट सांगताना आपण पॅरिसलाच थांबतो. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं आणि फेब्रुवारी 1945 मध्ये तिथेच तो वारला. छावणीतल्या मुलांचे खेळ तो घ्यायचा, पण रविवारी नाही. मुलांनी एका रविवारी आपली आपण हॉकी मांडली, पंच नव्हता, मारामारी जुंपली. त्यानंतर लिडेल रविवारीसुद्धा पंच म्हणून उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्याने वाकवला नाही, तो कोंडलेल्या पोरांसाठी वाकवला. मला हा लिडेल पॅरिसच्या लिडेलइतकाच मोठा वाटतो. त्याचा नियम त्याच्या स्वतःसाठी होता. आपण त्याची छडी करून दुसऱ्यांच्या मुलांवर उगारतो.

तुमच्या बाजूचं एक भक्कम उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, तेही मीच देते. ब्रिटनचा तिहेरी उडीपटू जोनाथन एडवर्ड्स. रविवारी उतरणार नाही म्हणून 1991 ची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. 1993 मध्ये विचार बदलला, 1995 मध्ये 18.29 मीटरचा विश्वविक्रम केला, आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी आपली श्रद्धा उरली नसल्याचं जाहीर केलं. तुम्ही म्हणाल, बघा, रविवार गेला आणि मागोमाग सगळंच गेलं. मला हा हिशेब पटत नाही, कारण रविवारी उड्या मारत असतानाची कितीतरी वर्षं तो श्रद्धावंतच होता. पण त्याची गोष्ट डोक्यातून जात नाही, हे खरं.

'खेळ ही जगाची गोष्ट, आपली नव्हे' हे तुमचं वाक्य मात्र मुळीच मान्य नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावण्याची शर्यत आणि मुष्टियुद्ध दोन्ही आणतो; करिंथजवळच्या इस्थमियन स्पर्धा त्याच्या वाचकांच्या अंगणातल्याच. बास्केटबॉल 1891 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जन्मला. आणि आपले विजय हजारे? सांगलीचा हा मराठी ख्रिस्ती माणूस 1943 च्या पंचरंगी सामन्यांच्या (धर्मांप्रमाणे संघ असलेल्या क्रिकेट स्पर्धेच्या) अंतिम फेरीत 'द रेस्ट', म्हणजे उरलेल्या समाजांच्या संघाकडून खेळला आणि संघाच्या 387 पैकी 309 धावा एकट्याने काढल्या. तेव्हा आपल्या घराघरांत त्याचा अभिमानच वाटला असेल ना?

मूर्तीचा मुद्दा उरतो, तो खरा आहे. पण मूर्ती मला ग्राउंडवर कमी आणि मोबाइलवर जास्त दिसते. मॅचवर पैसे लावणारी मंडळी दर रविवारी वेळेवर येतात, दानथैलीत नोटही टाकतात, त्यांना कोणी हटकत नाही. याउलट मागच्या हिवाळ्यात एक पोरगा फुटबॉलची किटबॅग बाकाखाली सारून बसला होता. पँटीच्या आत नडगीवरचे शिनगार्ड आधीच चढवलेले, गुडघे टेकताना कडक वाजले. उपासना संपल्यावर त्याला तसाच कामठीला जायचं होतं. तो प्रभुभोजन घेऊन परत येईपर्यंत तीन ज्येष्ठांनी त्याच्याकडे डोळे वटारले. अहो, तो आला होता!

तुम्ही मलाही विचारलंत, म्हणून सांगते. मी रविवारची उपासना सोडत नाही. एकत्र मिळणं सोडू नका हे इब्री लोकांस पत्रातलं सांगणं मी स्वतःसाठी धरून चालते. केरळविरुद्धच्या फायनलचा पाचवा दिवस 2 मार्च 2025, रविवार होता. मी सकाळची उपासना करून मग वर्धा रोडने जामठा गाठलं. पहिला तास हुकला. विदर्भाकडे पहिल्या डावाची 37 धावांची आघाडी होती, त्यावरच करंडक आपला झाला, आणि हो, मी घसा फोडून ओरडले. तीनच दिवसांनी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस होता, तेव्हाही आवाज बसलेलाच होता.

मुलांची अडचण वेगळी आहे. नागपुरात एप्रिल-मे मध्ये दहानंतर ग्राउंडवर उभं राहवत नाही, म्हणून सगळे सामने सकाळी, आणि सुट्टी म्हणून रविवारी. नेमकी तीच उपासनेची वेळ. चौदा वर्षांच्या पोराला 'देव की संघ' असं विचारून काय मिळणार? वेळापत्रक तो ठरवत नाही. ते ठरवणाऱ्यांशी मोठ्यांनी बोलायला हवं.

आमच्या युवक संघाने आयोजकांसाठी पत्र लिहिलं आहे: आमच्या मुलांचा सामना रविवारी पहिला, साडेसहाला लावा, म्हणजे ती नऊपर्यंत पोचतील, ते जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळी. पोरासोरांच्या सह्यांना कोणी विचारत नाही, वडीलधाऱ्यांच्या लागतात. पत्र पाळकांच्या ऑफिसात ठेवलंय. या रविवारी उपासनेनंतर सही कराल का?