रेशन बंद करून लसीवर विश्वास बसत नाही

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘मालेगावचे लोक अडाणी, पेठ-सुरगाण्याचे आदिवासी अंधश्रद्ध. लस फुकट आणि घराजवळ मिळते, तरी मुलांना देत नाहीत. अफवांवर विश्वास ठेवतात. समजावण्यात वेळ घालवू नका, रेशन बंद करा, रांगा लागतील.’ मी पेठ तालुक्यात बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. हा मेसेज मावसभावाने पाठवला, तेव्हा गप्प बसवेना.

यातली काळजी खरी आहे. 2022 च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडीबरोबर आपल्या मालेगावातही गोवर उसळला होता. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, म्हणून 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. पण कारणमीमांसा चुकलीय.

आधी ‘अडाणी’. लसीने ऑटिझम होतो ही भीती कुठल्या पाड्यावर जन्मली नाही. 1998 मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने अवघ्या 12 मुलांवरून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, तिथून ती पसरली. तो लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात लस आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. पेठमध्ये मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला तो गंगापूर रोडच्या एका इंजिनिअर जोडप्याने.

‘फुकट आणि घराजवळ.’ घर कुठलं, हे आधी बघा. द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडला उतरतात. बाळाचं नाव एका गावच्या यादीत, बाळ दुसऱ्या गावच्या शेडमध्ये, लसीचं कार्ड घरच्या पेटीत. बाळ कुठलंही असो, लस द्यायलाच हवी. तरी ‘तुमचं नाव इथं नाही’ म्हणून परत पाठवलेल्या आया मी पाहिल्यात. त्यात रोजंदारीचा प्रश्न. पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, टोचली की संध्याकाळी बाळाला ताप येऊ शकतो, मांडी दुखते, रात्रभर रडतं. सकाळी आई कामावर जाऊ शकत नाही. मालेगावात यंत्रमागावरच्या कामगाराच्या घरीही तेच. काम झालं नाही तर पैसे नाहीत. टोचताना आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचं, पुढची तारीख, आणि कार्ड जपायचं. रांग लांबली की त्रासाबद्दल सांगायचं नेमकं राहून जातं. हे माझ्याकडूनही झालंय. मग तापलेलं बाळ बघून घरच्यांना वाटतं की लसच बाधली, आणि पुढचा डोस चुकतो.

‘लसीने मूल होत नाही’ ही अफवा धादांत खोटी आहे. पण ती रुजली का? आणीबाणीत सक्तीची नसबंदी झाली. 1976 मध्ये तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. ज्यांच्या आजोबांनी तेव्हा सरकारी गाडी बघून रानात धूम ठोकली, त्यांना तशीच गाडी दारात आल्यावर शंका येणारच.

आता ‘रेशन बंद करा’. कुपोषित आणि अ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलाला गोवर सर्वात जड जातो. म्हणजे ज्याला वाचवायचं, त्याच्याच ताटातलं काढायचं! उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाला अनेक वस्त्यांत नकार होता. तिथे मौलाना, अलीगढ आणि जामिया मिलिया विद्यापीठं पुढे आली, त्याच गल्लीतल्या बायका दारोदार फिरल्या. देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, त्यानंतर असा एकही नाही.

एका पाड्यावरची बाई माझी चाहूल लागली की धाकट्याला घेऊन मागल्या दाराने जायची. तिसऱ्या खेपेला ती थांबली. म्हणाली, “बाई, थोरल्याला टोचलं तिथं गळू झालं. पंधरा दिवस पोर रडलं. तुमच्यातलं कुणी फिरकलं नाही.” मी तिची माफी मागितली. त्या दिवशी तिने बाळ टोचू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले, बाळाची मांडी बघितली, ताप बघितला. पुढच्या डोसाला तीच जावेच्या पोरीलाही घेऊन आली.