लाल पिन नक्की कुठली?

आमच्याकडे कपाटाच्या वर एक खोका आहे, त्यात डीव्हीड्या आहेत. डीव्हीडीचं अनेकवचन काय करायचं यावर घरात एकमत नाही, मी डीव्हीड्या म्हणतो, बायको डीव्हीडीज म्हणते आणि मुलगी 'तो कचरा' म्हणते. बऱ्याचशा विकत घेतलेल्या सिनेमांच्या, आणि काही घरी बर्न केलेल्या, ज्यांच्यावर माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे', 'महत्त्वाचे 2' आणि 'हे बघून घेणे' असं लिहिलंय. एकीवर मात्र स्पष्ट 'नाटक' लिहिलेलं होतं. मुलगी पहिलीत असताना शाळेच्या नाटकात झाड झाली होती, ते मीच कॅमेऱ्यावर शूट केलं होतं. बायको म्हणाली बघूया की आज रात्री. इथून सगळं सुरू झालं.

जुना प्लेअर होता, पण त्याचा ट्रे बाहेर यायचा, क्षणभर विचार करायचा आणि डिस्क ठेवायच्या आत परत जायचा. बोटं चेंगरून घेऊन दोनदा प्रयत्न केला, मग म्हटलं जाऊ दे, नवीन घेऊ. प्लेअरच तर घ्यायचाय! डिस्क आत, चित्र बाहेर, त्यात निवडायचं ते काय?

भाच्याला फोन केला. घरातल्या वायरींचं खातं त्याच्याकडे असतं. पहिले डीव्हीडी प्लेअर जपानमध्ये 1996 च्या नोव्हेंबरात विकायला आले, म्हणजे हा मुलगा डीव्हीडीपेक्षा वयाने लहान, पण बोलतो असा की त्यानेच शोध लावला.

"मामा, टीव्हीच्या मागे काय आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"धूळ."

"तसं नाही रे, सॉकेट कुठली आहेत? आणि तुझ्या त्या ॲम्प्लिफायरच्या मागे?"

आता आमचा टीव्ही भिंतीवर आहे, आणि तो लावणाऱ्याने भिंत आणि टीव्ही यांच्यात बरोबर एका तळहाताएवढी जागा ठेवलीय, तीही लहान मुलाच्या. मी मोबाइल आत घालून फोटो काढले. पहिला भिंतीचा आला, दुसरा माझ्या अंगठ्याचा, तिसऱ्यात कॅमेरा उलटा फिरलेला असल्यामुळे माझ्या नाकपुड्या आल्या, आणि भाच्याला तोच गेला. चौथ्यात एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी, दोन भोकं दिसली. बाकी काही नाही, ना पिवळं ना लाल. मला उगाच हुरहुर वाटली.

कारण आमची हयात त्या रंगीत पिनांमध्ये गेलीय. पिवळी, लाल, पांढरी. त्यातली पिवळी म्हणजे कंपोझिट, चित्राचा उजेड आणि रंग सगळा एकाच तारेत कोंबून पाठवायचा, अख्खं बिऱ्हाड एका रिक्षात बसवावं तसा, मग चित्र उतरताना थोडं चुरगळलेलं असणारच. त्यापेक्षा चांगलं म्हणून कंपोनंट आलं, हिरवी निळी लाल अशा तीन पिना, हिरवीतून उजेड आणि उरलेल्या दोघींतून रंगांचा हिशोब. आणि आवाजासाठी वेगळ्या दोन, लाल आणि पांढरी. म्हणजे पाच पिनांमध्ये दोन लाल! ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली त्याला जगातले बाकीचे रंग माहीत नव्हते का? जांभळा होता, करडा होता, पण नाही. मी अर्थातच दोन्ही लाल पिनांची अदलाबदल केली होती. त्यामुळे उजव्या स्पीकरमधून नुसती घरघर यायची आणि सगळी पात्रं हिरवट दिसायची. पाऊण सिनेमा आम्ही तसाच बघितला. ती सगळी माणसं आजारी आहेत असं मला वाटत होतं, आणि बायकोला वाटत होतं की हा कलात्मक सिनेमा आहे.

असो. तर टीव्हीला एचडीएमआय हवं हे ठरलं. पण ॲम्प्लिफायर जुना, त्याला एचडीएमआय नाहीच. पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा 5.1 चा संसार मी हौसेने मांडला होता, मागच्या दोन स्पीकरच्या वायरी सोफ्याखालून जातात आणि घरातल्या प्रत्येकाने त्यात एकदा तरी पाय अडकवून घेतलाय. (त्या 5.1 मधला पॉइंट एक म्हणजे सबवूफरचा चॅनेल, त्याला फक्त खालचे घुमणारे आवाज दिले जातात, म्हणून तो पूर्ण धरत नाहीत. घरात सगळ्यात जड तोच आहे, तरी पॉइंट एक.) मग भाच्याने फर्मान काढलं की प्लेअरला चित्रासाठी एचडीएमआय हवं आणि ॲम्प्लिफायरकडे आवाज न्यायला ऑप्टिकल नाहीतर कोॲक्सियल आउट, म्हणजे डिजिटल आवाजाचं सॉकेट हवं. आणि इथे गाडं अडलं, कारण साध्या प्लेअरना एचडीएमआय असतं तर डिजिटल आवाजाचं सॉकेट नसतं, आणि ज्यांना ते असतं त्यांना एचडीएमआय नसतं. एकेका प्लेअरच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून करून मी आठवडा काढला. पुढून ते कसे दिसतात ते मला आजही सांगता येणार नाही.

दुकानात गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, डीव्हीडी प्लेअर कशाला, ब्लू-रे घ्या ना, त्यात डीव्हीडी पण चालते." हे खरंय. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावतं, ब्लू-रेच्या एका थरात 25. डीव्हीडी वाचायला 650 नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, ब्लू-रेला 405 चा निळा-जांभळा, आणि सीडीला 780 चा, म्हणजे सगळं चालवणाऱ्या प्लेअरला तीन प्रकारची नजर लागते. माझ्याही चष्म्यात तीन नंबर आहेत आणि तरी मला लाल पिन सापडत नाही, त्यामुळे मला त्या यंत्राबद्दल आदर वाटला. पण माझ्याकडे ब्लू-रे डिस्क एकही नाही. जी डिस्क नाही ती चालवण्यासाठी प्लेअर घ्यायचा म्हणजे मला फारच दूरदृष्टी झाली.

मग त्याने अपस्केलिंगचं काढलं. "साधी डीव्हीडी फुल एचडी दिसते काका." घरी येऊन मी हिशोब केला. आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके. फुल एचडीचे 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600. भागून बघा, बरोब्बर पाच पट येतात. म्हणजे पडद्यावरच्या पाच ठिपक्यांमागे एकाचाच माल डिस्कवर आहे आणि उरलेले चार अंदाजपंचे दाहोदरसे! शेजारचे दोन ठिपके बघून यंत्र म्हणतं, मधला असाच असेल. आमच्या घरात बातम्याही याच पद्धतीने पसरतात, त्यामुळे मी ते घ्यायला तयार झालो.

एवढ्यात भाच्याचा मेसेज, रीजन कोड बघ. या डीव्हीडीवाल्यांनी जगाचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर देऊन ठेवलाय. अमेरिका आणि कॅनडा एकात, युरोप आणि जपान दोनात, भारत आणि रशिया पाचात, चीन सहात, आणि विमानं आणि बोटींना वेगळा आठ नंबर. एका तुकड्यातली डिस्क दुसऱ्या तुकड्यातल्या प्लेअरला चालत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला तर रीजन बदलायची मुभा पाचच वेळा, माणसाला नोकऱ्या बदलायलाही जास्त संधी मिळते. पण आमचं झाड घरी बर्न केलेलं, त्याला रीजनच नाही. त्याला दुसरी अडचण. कारखान्यातल्या डिस्कवर बारीक खड्डे दाबून पाडलेले असतात आणि घरच्या डिस्कवर लेझरने रंगाच्या थरावर नुसते डाग पाडलेले असतात. तो रंग वर्षानुवर्षांत उडू शकतो, शिवाय अशा घरी बर्न करायच्या डिस्कमध्ये प्लस आर आणि मायनस आर असे दोन तट. आमची मायनस निघाली. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत मायनस आर शोधताना मी दुकानात इतका वेळ उभा राहिलो की एका बाईंनी मला मिक्सर कुठे आहेत ते विचारलं.

शेवटी एचडीएमआय आणि कोॲक्सियल दोन्ही असलेला एक प्लेअर मिळाला. कोॲक्सियलचं सॉकेट नारिंगी असतं. म्हणजे लाल, लाल आणि आता लालसर. घरी येऊन खोका उघडला तर आत एचडीएमआय वायर नव्हती, पिवळी-लाल-पांढरी होती. परत दुकान.

आधी टेस्ट म्हणून विकतचा सिनेमा लावला. कॉपी करू नका ही सूचना आली, मी पुढे ढकलायला बटण दाबलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात गोलात आडवी रेघ आली, म्हणजे नाही जमणार, वाचा आधी. मी विकत घेतलेली डिस्क, मी विकत घेतलेला प्लेअर, आणि चोरी करू नका हेही मलाच. मग सिनेमाच्या मध्यावर चित्र अर्धा क्षण थबकलं आणि मी सवयीने उठून प्लेअरला एक चापट मारली. "मामा, काय करतोयस!" भाचा ओरडला. दोन थरांच्या डिस्कवर एक थर संपला की लेझर दुसऱ्या थरावर नजर बसवतो, तेवढाच तो खंड, आपोआप जातो. जुन्या प्लेअरला मी इतकी वर्षं प्रत्येक सिनेमात बरोबर त्याच जागी मारत आलो, आणि दर वेळी तो चालू झाल्यामुळे मला या कामात माझा हात बसलाय असं वाटायचं. पुढे ट्रेने माझी बोटं चेंगरली त्याचा अर्थ आता लागला.

मग नाटक. डिस्क आत गेली, बराच वेळ घूं घूं झालं, आणि लागली! पडदा उघडला. जंगल होतं. सगळी झाडं बुटकी आणि गलेलठ्ठ.

"ही एवढी जाड कधी होती?" बायको.

"बाबा, जुनं शूटिंग फोर बाय थ्री असतं, तुम्ही ते सिक्स्टीन बाय नाइनला ताणलंय," झाड सोफ्यावरून म्हणालं. सेटिंग बदललं, झुडपांची झाडं झाली आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. मागचे दोन्ही स्पीकर गप्प, कारण माझ्या कॅमेऱ्याने आवाज दोनच चॅनेलचा घेतलेला. ज्या वायरींमध्ये सगळे अडखळले त्यांतून त्या रात्री काहीही वाहिलं नाही. पुढच्या स्पीकरमधून मात्र नाटकाच्याही वर एक आवाज स्वच्छ येत होता, "अहो, जरा डोकं बाजूला घेता का? अहो, पुढचे!" तो माझा.

पुढच्या गृहस्थांनी डोकं बाजूला घेतलेलं नव्हतं. पडद्याच्या मधोमध त्यांचं टक्कल, अपस्केल होऊन आलेलं, स्टेजवरचा दिवा त्यात दिसावा इतकं गुळगुळीत. एकविसाव्या मिनिटाला त्या टक्कलाच्या डाव्या कानामागून एक हिरवी फांदी बाहेर आली आणि दोनदा हलली.

"तो माझा हात," मुलगी पुढे सरकून म्हणाली. "बाबा, थांबवा, थांबवा ना."

मी थांबवलं. रिमोटवर झूमचं बटण होतं, एवढा खर्च केलाय तर वापरू म्हणून दाबलं. चित्र मधून दुप्पट मोठं झालं, फांदी पडद्याबाहेर गेली आणि उरलं ते टक्कल.