आंधळे कोण आणि पीठ कोणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून एफ.वाय.च्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांना लेखनासाठी मदत कशी करून घेता येते, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिले होते. त्याखालची आपली प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांच्या सोयीसाठी तिचा मुख्य भाग येथे उतरवून घेते. आपण लिहिता : "ताई, जरा वास्तवात या. ज्या पोरांना स्वतःला चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत, ती दुसऱ्यांना लेखन काय शिकवणार? हे म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी चौतीस वर्षे वर्गात उभा राहिलो आहे." हे अमेरिकेतले फॅड आहे, प्राध्यापकांनी आपले काम मुलांवर फुकटात ढकलले आहे आणि याने निकालात काही फरक पडला असा पुरावा लेखात कुठे नाही, असेही आपण पुढे म्हटले आहे. शेवटी माझ्या लेखात 'विद्यार्थीनी' असे लिहिले गेल्याचे दाखवून दिले आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो बरोबर आहे. 'विद्यार्थिनी' या शब्दातला 'र्थि' ऱ्हस्वच हवा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले मनापासून आभार मानते. चूक दाखवली की ती मान्य करायची, हे मी मुलांना शिकवते, तेव्हा तो नियम मलाही लागू आहे.

आता 'ताई'विषयी. आपली माझी ओळख नाही. वर्गातली मुले मला मॅडम म्हणतात, गावाकडची मंडळी अक्का म्हणतात, आणि अनोळखी शिक्षिकेला 'बाई' म्हणण्याची चांगली रीत पुण्यात अजून शिल्लक आहे. 'ताई, जरा वास्तवात या' यातली ताई या कुठल्याच रीतीत बसत नाही. सुट्ट्या पैशांवरून वाद सुरू झाला की रिक्षात ऐकू येते, ती ही ताई आहे. चौतीस वर्षे वर्गात उभे राहिल्याचे आपण एकाच प्रतिक्रियेत दोनदा सांगितले आहे. मी सत्तावीस वर्षे उभी आहे. सात वर्षांच्या ज्येष्ठतेचा मान ठेवूनच पुढचे लिहिते.

आपल्या म्हणीत आंधळे कोण आणि कुत्रे कोण, हे आपण स्पष्ट केलेले नाही. आंधळे म्हणजे माझी टी.वाय.ची मुले असतील, तर पीठ खाणारे कोण उरते? त्यांच्याकडे मदत मागायला येणारी पहिल्या वर्षाची मुले? त्यांतली निम्मी मुले घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली आहेत. शाळेत मुख्याध्यापक म्हणून आपण अशाच मुलांच्या दाखल्यांवर सह्या केल्या असणार. म्हण सुचली की ती कुठेतरी बसवून टाकण्याचा मोह होतो, पण आम्ही प्रशिक्षणात जे प्रश्न विचारायला शिकवतो, त्यांतला पहिला हाच आहे : हे वाक्य नेमके कोणाविषयी आहे?

ज्यांना चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत ते काय शिकवणार, हा आपला खरा आक्षेप आहे, असे मी धरते. यातला 'शुद्ध' हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरला आहे, त्यातच सगळा घोळ आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा. चौदा १९६२ सालचे आणि चार १९७२ साली वाढवलेले. ते अठराच्या अठरा पाळूनही एखादा निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोकळ असू शकतो, आणि असे निबंध मी गठ्ठ्यांनी तपासले आहेत. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडातले उत्तर जसेच्या तसे उतरवले, तर त्यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सापडणार नाही. त्यात लिहिणारा मुलगाही सापडणार नाही.

एक उदाहरण सांगते. पुण्यातील नद्यांच्या प्रदूषणावर एफ.वाय.च्या एका मुलाने चार पाने लिहून आणली होती. 'नदी ही जीवनदायीनी आहे' अशी सुरुवात, मग जगातल्या संस्कृती नद्यांकाठी कशा वाढल्या, मग सरकारने काय करावे आणि नागरिकांनी काय करावे. माझ्या हातात ती पाने प्रथम आली असती, तर मी सवयीने 'जीवनदायीनी'खाली लाल रेघ ओढली असती. आपणही ओढली असती. त्याच्यासमोर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीने (आता बरोबर लिहिले आहे) त्याला एवढेच विचारले की तू राहतोस कुठे. तो मुंढव्याचा निघाला. उन्हाळ्यात मुळामुठेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला की घरात डास किती होतात आणि आजी संध्याकाळी पाचलाच खिडक्या का लावून घेते, हे तो दहा मिनिटे सांगत राहिला. त्यातले एक अक्षर त्या चार पानांत नव्हते. पुढच्या आठवड्यात निबंध मुंढव्यापासून सुरू झाला. 'जीवनदायिनी' हा शब्दच त्यातून गेला, त्यामुळे तो दुरुस्त करण्याचा प्रश्नही उरला नाही.

त्या मुलीला हे आपोआप सुचले नाही. आमचे प्रशिक्षण सहा शनिवारांचे असते आणि त्यात पहिला नियम असा की पेन्सिल मदत करणाऱ्याच्या हातात जायची नाही. दुसऱ्याच्या कागदावर एकही शब्द लिहायचा नाही. कागद ज्याचा, पेन्सिल त्याची. लिहिणाऱ्यालाच मजकूर मोठ्याने वाचायला लावायचा, कारण डोळ्यांना न दिसलेले अडलेले वाक्य जिभेला लगेच कळते. प्रश्न विचारला की मनात दहा अंक मोजायचे आणि तोवर तोंड उघडायचे नाही. हे सगळ्यात अवघड जाते. हुशार मुलांना गप्प बसवत नाही. मग परिच्छेदाच्या शेजारी, यात मी काय सांगितले, हे एका ओळीत लिहायला सांगायचे. ती ओळ लिहिता आली नाही तर परिच्छेद का फसला, हे वेगळे सांगावे लागत नाही. 'टीप लिहा', 'स्पष्ट करा' आणि 'साधकबाधक चर्चा करा' या तीन सूचनांत परीक्षक तीन वेगळ्या गोष्टी मागतो, हे बारावीपर्यंत अनेक मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. त्यावर आमचा एक अख्खा शनिवार जातो. प्राध्यापकाने दिलेल्या गुणांवर मत द्यायचे नाही, समोरच्याचे लेखन बाहेर चर्चेला घ्यायचे नाही, आणि विषयाच्या माहितीतली शंका आली तर त्याला संबंधित शिक्षकाकडे पाठवायचे. शुद्धलेखन येते ते अगदी शेवटी, मजकूर जागेवर बसल्यावर, आणि तेव्हाही शब्दकोश उघडायचा तो लिहिणाऱ्याने.

अमेरिकेचे म्हणाल, तर १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या प्रत्येक शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्याला प्रवेश खुला केला, तेव्हा तिथे आज आपल्यासमोर आहे तसाच वर्ग येऊन बसला. त्याच विद्यापीठातल्या ब्रुकलिन कॉलेजचे प्राध्यापक केनेथ ब्रुफी यांनी १९८४ सालच्या आपल्या निबंधात नोंदवले आहे की तज्ज्ञांची मदत उपलब्ध असूनही मुले ती टाळत होती, कारण ती वर्गाचेच शेपूट वाटत होती. म्हणून बरोबरीच्या मुलांना तयार करण्याचा मार्ग निघाला. तयारी म्हणजे काय, तर ती मुले स्वतः निबंध लिहीत आणि एकमेकांच्या निबंधांवर लेखी परीक्षण करीत. बरोबरीचा आणि शिकवणारा हे दोन्ही एकच माणूस कसा असू शकतो, हा प्रश्न लेखनाच्या अध्यापनाचे अभ्यासक जॉन ट्रिंबर यांनी १९८७ सालीच विचारला, आणि अशा मुलांना घाईने छोटे मास्तर बनवण्याचा धोकाही दाखवला. म्हणजे आपला आक्षेप तिथेही घेतला गेला होता. फक्त त्यात कुत्रे नव्हते. आणि मोठ्या मुलाने लहानाकडून धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेण्याची आपली पंतोजींच्या शाळेतली पद्धत कोणत्या देशातले फॅड होते, हेही कधी कळवावे. ती पद्धत आणि ही एक नव्हे, हे मला कळते. तिथे पाठ करून घेतले जाई, इथे विचारले जाते.

हे सारे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८८ साली मी जत तालुक्यातल्या गावातून पुण्यात शिकायला आले. अर्थशास्त्राचे पहिले ट्यूटोरियल परत मिळाले, तेव्हा त्यावर लाल शाईत तीनच शब्द होते : 'भाषा सुधारणे आवश्यक'. कोणती भाषा, कुठे, कशी, हे विचारायला स्टाफरूमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरले. वसतिगृहात माझ्या खोलीशेजारी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी राहत असे. तिने ते ट्यूटोरियल गच्चीवर नेऊन मला मोठ्याने वाचायला लावले आणि एका वाक्याशी थांबवून विचारले, "हे तुला म्हणायचंय का पुस्तकाला?" ती स्वतः 'आणि' दीर्घ लिहीत असे. आपल्या मोजमापाने ती आंधळी. तिच्या त्या प्रश्नानंतर मी कोणत्याही विषयावर लिहिलेले पहिले वाक्य पूर्वीसारखे उरले नाही, आणि मी मराठीची प्राध्यापक झाले. याहून वेगळा पुरावा आपल्याला हवा असेल, तर तो मी कुठून आणावा?

निकालातल्या फरकाविषयी आपण विचारले आहे. लेखन टक्क्यांत मोजता येत नाही, एवढेच येथे म्हणते. मानधनाचा विषय वेगळा आहे आणि त्यावर सवडीने लिहीन. प्राध्यापकांनी काम ढकलले, या वाक्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. सहा शनिवार ज्यांचे जातात त्यांना ते ठाऊक आहे.

या वर्षीचे प्रशिक्षण पुढच्या शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होत आहे. आपण यावे, असे मी औपचारिकता म्हणून म्हणत नाही. पाहुण्यांनाही एक नियम लागू असतो : प्रत्येकाने स्वतःचे काही लेखन आणायचे आणि विशीतल्या मुलांसमोर ते मोठ्याने वाचायचे. नवे काही नसेल तर ही प्रतिक्रिया आणली तरी चालेल. गाडी फाटकाबाहेर लावावी लागते, आणि पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागते.