‘स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो’ या सहीने सोसायटी सुटत नाही

सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगाराकडून असे लिहून घेतले की सोसायटी मोकळी, असा मेसेज फिरतो आहे. हे साफ चूक आहे, आणि जीवघेणेही.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्यातील कलम 7 नुसार सुरक्षासाधनांविना टाकीत माणूस उतरवण्यासाठी कुणालाच कामावर लावता येत नाही. थेट नाही, कंत्राटदारामार्फतही नाही. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कामगाराच्या सहीने हा गुन्हा पुसला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख ठरवली आहे.

‘झाकण तासभर उघडे ठेवा, पुरे’ हेही चूक. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. गाळ ढवळला की एकदम उसळतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. काडी पेटवून तर मुळीच पाहू नका, मिथेनचा भडका उडतो.

सक्शन टँकर बोलवा, पाइप वरूनच सोडा. आत कोणी कोसळलाच तर मागोमाग उडी नको; अग्निशमन दलाचा 101 फिरवा.